तेलनगरीचे डॉक्टर

चेंबूरला मामाच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती माहुलच्या बाजूला उघडे. रात्री दिवे मालवले की त्या खिडकीतून तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याच्या उंच चिमणीवरची ज्योत दिसायची. वारा असला की ती आडवी होई आणि समोरच्या भिंतीवर तांबूस उजेड हलत राही. सुट्टीत मी तिथे राहायला गेलो म्हणजे झोप येईपर्यंत तो उजेड पाहत पडायचो. मामा बिडी ओढत म्हणायचा, "भाच्या, हुबेहूब अशीच ज्योत मी विलायतेत पाहिलीय. आणि त्या ज्योतीखालची पोरं काय वाजवायची म्हणून सांगू!"

मामा बोटीवर होता. बोटीवर म्हणजे कप्तान वगैरे नव्हे, इंजिनखात्यात ऑइलमन. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातली निम्मीअधिक पुरुषमाणसे एके काळी अशीच इंजिनखात्यात तेल घालीत जगभर हिंडली. त्यांनी लंडन पाहिले ते गोदीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यापर्यंत. राणीचा राजवाडा मामाने पाहिला नव्हता, आणि त्याचे त्याला दुःखही नव्हते. त्याच्या विलायतेत एकच गोष्ट पाहण्याजोगी होती. तिचे नाव डॉक्टर फीलगुड.

हा कोणी डॉक्टर नव्हे. चौघा तरुणांचा तो गाण्याबजावण्याचा ताफा. आपल्याकडे बीटल्सचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. या चौघांना मुंबईत ओळखणारे, मामा धरून, चारपाचच असावेत. पण ज्यांना ते ठाऊक आहेत त्यांना त्यांचे असे वेड असते की वारकऱ्याने मान डोलवावी. मलाही ते वेड मामाकडून लागले. आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, आणि इतिहासाचे मास्तर रजेवर गेले की रिकाम्या तासाला मलाच धाडतात. तेवढ्या अधिकारावर हा इतिहास सांगतो आहे.

थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठाला लागून कॅनव्ही नावाचे बेट आहे. बेट म्हणायचे, पण मूळची ती खाडीतली दलदल. सतराव्या शतकात डच कारागिरांनी बांध घालून ती जमीन समुद्राकडून काढून घेतली. त्यांनी बांधलेली दोन आठकोनी घरे अजून उभी आहेत. भरतीच्या वेळी बेटाची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असते. म्हणजे माणसे राहतात ती बांधाच्या भरवशावर. आमच्या कोकणातल्या खारभूमीच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

31 जानेवारी 1953 च्या रात्री तो भरवसा संपला. उत्तर समुद्रात वादळ झाले, त्याला उधाणाची भरती मिळाली, आणि मध्यरात्रीनंतर बांध फुटून थंडगार पाणी बेटावर शिरले. माणसे अंथरुणात होती. त्या एका बेटावर पन्नासाहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे 13,000 रहिवाशांना बेट सोडावे लागले. साऱ्या इंग्लंडात त्या पुराने 307 बळी घेतले. समोरच्या किनाऱ्यावर हॉलंडात तर अठराशेच्या वर. कॅनव्हीवर त्या वेळी साडेपाच वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव जॉन विल्किन्सन. पुढे हाच विल्को जॉन्सन या नावाने गाजला. त्याचा जन्म 12 जुलै 1947 चा. 12 जुलै म्हटले की जुन्या पुणेकराला 1961 चे पानशेत आठवते. योगायोगाला अर्थ नसतो हे मी मुलांना शिकवतो, पण ती तारीख वाचताना मी जरा थांबलो होतो हे खरे.

पुरानंतर उंच भिंत बांधली गेली, आणि पलीकडच्या काठावर तेलाच्या टाक्या, चिमण्या, धक्के यांचे रान माजले. जगात पहिल्यांदा द्रवरूप नैसर्गिक वायू समुद्रमार्गे दूरदेशी नेला गेला तो याच बेटावर. 1959 साली ‘मिथेन पायोनियर’ नावाचे जहाज अमेरिकेतल्या लुइझियानाहून तो घेऊन आले. शेजारच्या कोरिटन आणि शेल हेवन इथल्या कारखान्यांच्या ज्योती बेटावरून रात्रभर दिसत. एकीकडे चिखल, एकीकडे आग, आणि मध्ये लंडनहून स्वस्तात सुट्टी घालवायला येणाऱ्यांच्या टपऱ्या आणि झोपड्या. विल्को पुढे या मुलखाला थेम्सचा त्रिभुज प्रदेश म्हणायचा. थट्टेने, पण अर्धीच थट्टा. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशात कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांनी जे ब्लूज गाणे जन्माला घातले, त्याच्यावर या पोरांचा जीव होता. आपलाही एक गाळाचा मुलूख आहे, तर आपले गाणे का असू नये, असा तो हिशेब.

विल्को तसा शिकलेला. न्यूकॅसलच्या विद्यापीठात त्याने इंग्रजी साहित्याची पदवी घेतली; जुन्या आइसलँडच्या वीरकथा मुळातून वाचल्या. मग उठला आणि खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात येऊन गेला. त्या काळी गोऱ्या पोरांची ती एक वारीच होती. परत गेल्यावर शाळेत इंग्रजी शिकवू लागला. शिक्षक माणूस, म्हणून माझे त्याच्यावर विशेष लक्ष! 1971 साली बेटावरच्या आणखी तिघांबरोबर त्याचा ताफा जमला. ली ब्रिलो गायचा आणि माऊथ ऑर्गन वाजवायचा. त्याचे खरे आडनाव कॉलिन्सन, जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानचा. जॉन स्पार्क्स खर्जाची गिटार धरायचा. आणि ड्रमवर जॉन मार्टिन, ज्याला सारे ‘बिग फिगर’ म्हणत. नाव घेतले ते पियानो रेड या अमेरिकन वादकाच्या 1962 च्या रेकॉर्डवरून. इंग्लंडात जॉनी किड आणि त्याच्या ‘पायरेट्स’नी ते गाणे म्हटले होते. मागेल त्याला गुंगीचे औषध लिहून देणाऱ्या वैद्याला तिकडच्या बोलीत डॉक्टर फीलगुड म्हणतात.

त्या दिवसांत इंग्लंडातले रॉक संगीत कुठे जाऊन पोहोचले होते हे पाहिले म्हणजे या चौघांची मौज कळते. 1973 साली ‘येस’ या मोठ्या ताफ्याने दोन तबकड्यांचा संच काढला. त्यात गाणी किती, तर चार! एका बाजूला एक, वीस वीस मिनिटांचे. आणि त्याची कल्पना सुचली कशावरून, तर आपल्या परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून. योगानंदांबद्दल मला आदर आहे. पण दिवसभर गोदीत राबलेल्या माणसाने संध्याकाळी बिअरचा पेला हातात घेऊन तळटीप ऐकावी हे जरा जास्तच झाले. अशा वेळी लंडनच्या काही गुत्त्यांनी मागच्या खोलीत लहान ताफ्यांना जागा देणे सुरू केले. केंटिश टाउनमधला टॅली हो हा त्यांतला पहिला. 1971 साली एका अमेरिकन ताफ्याने तिथे पायंडा पाडला. 1973 च्या उन्हाळ्यात कॅनव्हीचे हे चौघे तिथे आले आणि तीन तीन मिनिटांची गाणी अंगावर येऊन वाजवू लागले.

आता मामाचे ऐका. या विषयावर त्याच्याइतके चांगले मी कुठे वाचलेले नाही.

"खोली ही एवढी," मामा सांगायचा, "आपल्या भजनाच्या मंडपाएवढी. धूर असा की समोरचा दिसू नये. आणि घामाचा वास. गाणारा पोरगा अंगात पांढरा कोट घालून आला. पांढरा म्हणायचा आपला. त्याच्यावर दारूचे, रश्शाचे, कशाकशाचे डाग. आमच्या भंडाऱ्याने सहा महिने न धुतलेला एप्रन असावा तसा. चेहरा असा, की आता हा माणूस मारामारी करणार. तोंडाने पेटी वाजवायचा आणि मध्येच मूठ अशी हवेत मारायचा. पण भाच्या, बघायचा तो दुसरा! काळा कोट, काळी पॅंट, केस कपाळावर वाटी ठेवून कापलेले. हसणं नाही, बोलणं नाही. डोळे असे वटारलेले आणि पापणी लवत नाही. आणि गिटार घेऊन सरळ रेषेत पुढे यायचा, तसाच मागे जायचा. रुळावर शंटिंग करणारं इंजिन पाहिलंयस ना? तसा. मध्येच गिटार बंदुकीसारखी धरून लोकांवर रोखायचा. लोक खरोखर खाली वाकायचे!"

मग मामा उठून हातात केरसुणी घेऊन त्या दहा बाय बाराच्या खोलीत मागेपुढे शंटिंग करून दाखवी. मामी कपाळाला हात लावी. मला वाटते, रंगभूमी म्हणजे काय हे मी प्रथम त्या खोलीत पाहिले.

मामाला जे दिसले त्याच्यामागची कारागिरी मला फार पुढे समजली. विल्को मूळचा डावखुरा; पण गिटार शिकला तो उजव्या हाताने. बोटात पत्ती न धरता नुसत्या बोटांनीच तारा छेडायचा. पायरेट्सचा गिटारवादक मिक ग्रीन हे त्याचे दैवत. एरवी ताफ्यात दोन गिटारी असतात. एक ताल धरते आणि दुसरी सूर काढते. मिक ग्रीन ही दोन्ही कामे एकाच हाताने एकाच वेळी करी. ते साधताना विल्कोच्या हातून तिसरेच काही घडले. ताल तुटून तुटून येऊ लागला, सुरीने भाजी चिरावी तसा. म्हणून तर चौघांच्या आवाजात एवढी मोकळी जागा आहे. जानेवारी 1975 मध्ये त्यांची पहिली तबकडी ‘डाउन बाय द जेटी’ निघाली तीही एकाच वाहिनीच्या जुन्या मोनो पद्धतीची. सारे जग दोन वाहिन्यांच्या स्टिरिओवर गेले असताना! मुखपृष्ठही काळेपांढरे. मोठ्या शहरातल्या टीकाकारांना वाटले, ही यांची काही जाणूनबुजून केलेली क्लृप्ती असावी.

पण यांचा खरा संसार रोजच्या कार्यक्रमांवर. आपल्याकडे तमाशाचा फड जसा हंगामभर गावोगाव फिरतो आणि त्याची कीर्ती तंबूतच कळते, ग्रामोफोनवर कळत नाही, तसे हे होते. म्हणूनच 1976 च्या शरद ऋतूत त्यांनी शहाणपणा केला आणि ‘स्टुपिडिटी’ म्हणजे ‘मूर्खपणा’ या नावाची, प्रत्यक्ष कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेली तबकडी काढली. एक बाजू शेफील्डच्या सिटी हॉलमधली, मे 1975 ची. दुसरी साउथएंडच्या कुर्सालमधली, 8 नोव्हेंबर 1975 ची. कुर्साल हा जर्मन शब्द. स्नानासाठी आरोग्यगावी जमणाऱ्या मंडळींच्या करमणुकीच्या सभागृहाला म्हणतात. डॉक्टरांना शोभेशी जागा! साउथएंड कॅनव्हीला लागूनच, तेव्हा प्रेक्षक घरचे. ही तबकडी इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

तीच मामाने पुढच्या एका सफरीत आणली होती. जुनी झाल्यावर तिच्यात तव्यावर तेल तडतडावे तसा आवाज यायचा. दुसरी बाजू लागली की मामा बोट वर करून आम्हाला गप्प बसवी. दोन गाण्यांच्या मधल्या गलक्यात एक लांब शिटी ऐकू येई. "ही माझी!" मामा म्हणायचा. "कुर्सालमध्ये मी होतो. टिलबरीच्या गोदीत बोट दुरुस्तीला लागली होती. आम्ही तिघे आगगाडीने गेलो." आणि दोन बोटे तोंडात घालून तो तशीच शिटी वाजवी, की खालच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागे.

बारा वर्षे मी हे ऐकले. आमच्या घराण्यातला एक माणूस विलायतेच्या तबकडीवर आहे, हे मी शाळेत किती जणांना सांगितले असेल!

2003 साली मामाच्या भविष्यनिर्वाह निधीचे काही काम निघाले, आणि कागद लावून द्यायला मी चेंबूरला गेलो. मी नुकताच शाळेत लागलो होतो आणि जगातल्या सगळ्या चुका लाल शाईने दुरुस्त करायला निघालो होतो. मामाने ट्रंकेतून जहाजावरचे नोंदणीपुस्तक काढून दिले. खलाशी कोणत्या बोटीवर कधी चढला आणि कधी उतरला याचे शिक्के त्यात असतात. पाने उलटता उलटता माझे लक्ष गेले. ऑक्टोबर 1974 मध्ये मुंबईत चढला. 14 ऑगस्ट 1975 ला मुंबईतच उतरला. पुढची बोट मार्च 1976 ची.

मी म्हटले, "मामा, तू कुर्सालला नव्हतास. 8 नोव्हेंबरला तू इथे होतास. बघ शिक्का."

मामाने चष्मा पुसला. पुस्तक खिडकीशी नेऊन पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मिटून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "मग ती शिटी कोणाची?"

मी हसलो. मामा हसला नाही. त्यानंतर ती तबकडी त्याने माझ्यादेखत कधी लावली नाही. 2006 मध्ये तो गेला. मामीने तबकडी मला दिली. भांडी घेणाऱ्या बाईने ती घेतली नाही म्हणून.

त्या चौघांचेही पुढे बरे झाले नाही. पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला ताफा सहाच महिन्यांत फुटला. आपल्या नाटक कंपन्यांचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला कारणे सांगायला नकोत. गाणी बहुतेक विल्कोने लिहायची. बाकीचे तिघे रात्र रात्र पीत बसायचे आणि हा पीत नसल्यामुळे एकटाच खोलीत. पिणाऱ्यांत न पिणारा म्हणजे पंक्तीत उपास करणारा. दोघांनाही त्याचा कंटाळा येतो. 1977 मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड इथे चौथ्या तबकडीचे काम चालू असता एका बाहेरच्या गाण्यावरून ठिणगी पडली. ते गाणे घ्यायचे की नाही एवढाच वाद. विल्को बाहेर पडला. तो म्हणे, काढले, आणि ते म्हणत, गेला. ली आणि तो यांचे पुन्हा जमले नाही.

गंमत अशी की याच सुमारास त्यांनी पेरलेले उगवत होते. 1976 मध्ये ‘स्टिफ’ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी निघाली ती ली ब्रिलोने उसने दिलेल्या चारशे पौंडांवर. आणि इंग्लंडातल्या पंक संगीताची पहिली तबकडी मानतात ती त्याच कंपनीने त्याच वर्षी काढली. न्यूयॉर्कच्या ‘ब्लॉन्डी’ ताफ्यातला ड्रमवाला 1975 मध्ये लंडनहून ‘डाउन बाय द जेटी’ घेऊन घरी गेला, आणि तिथल्या पोरांनी ती पारायणे केल्यासारखी ऐकली. पुढे स्वीडनमधल्या एका जोडीने विल्कोच्या ‘रॉक्सेट’ या गाण्यावरून आपले नाव घेतले आणि विल्कोने कधी पाहिली नसेल एवढी लोकप्रियता मिळवली. शेत एकाचे, खळे दुसऱ्याचे.

ली ब्रिलो नवे गडी घेऊन वर्षानुवर्षे फिरत राहिला. 1979 च्या सुरुवातीला त्यांचे ‘मिल्क अँड अल्कोहोल’ पहिल्या दहांत गेले. एरवी गुत्ते, जत्रा, परमुलुख. जानेवारी 1994 मध्ये कर्करोगाने पोखरलेल्या देहाने त्याने कॅनव्हीवरच शेवटचे कार्यक्रम केले आणि 7 एप्रिलला तो गेला. वय अवघे एकेचाळीस. त्याच्या इच्छेप्रमाणे ताफा चालू राहिला, पण मूळचा एकही माणूस आज त्यात नाही.

विल्कोची गोष्ट त्याहून विलक्षण. जानेवारी 2013 मध्ये त्याने जाहीर केले की आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आहे आणि तो बरा होणारा नाही. दहाएक महिने हातात. त्याने औषधाचे भारी उपचार नाकारले आणि निरोपाच्या कार्यक्रमांना निघाला. दवाखान्यातून बाहेर पडताच झाडे आणि आकाश पाहून आपल्याला विलक्षण आनंद झाला, असे तो सांगत असे. हा माणूस छतावर दुर्बीण लावून ग्रहतारे पाहणारा. त्याला ते साधले असावे. द हू ताफ्याच्या रॉजर डॉल्ट्रीबरोबर त्याने एक तबकडी केली, ती 2014 मध्ये विक्रीच्या यादीत तिसरी आली. आणि मरण काही येईना! त्याच्या कार्यक्रमांना येणाऱ्या, छायाचित्रांचा नाद असलेल्या एका शल्यविशारदाला शंका आली की हा नेहमीचा रोग नव्हे. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात एप्रिल 2014 मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली आणि तीन किलोंची गाठ काढली. विल्को त्यानंतर आठ वर्षे जगला, वाजवला, आणि 21 नोव्हेंबर 2022 ला गेला. मरणाचा निरोप घेऊन परत आलेल्या माणसाला पुन्हा वीजबिल भरायची किती पंचाईत होत असेल, असा विचार माझ्या मनात आला होता.

2009 साली ज्युलियन टेंपल या दिग्दर्शकाने या ताफ्यावर ‘ऑइल सिटी कॉन्फिडेन्शियल’ हा बोलपट काढला. मला तो पाहायला मिळाला आणखी दोन वर्षांनी, एका मित्राच्या संगणकावर. पहिल्यांदाच मी त्यांना हलताना पाहत होतो. पांढरा कोट होता, डागांसकट. वाटी ठेवून कापलेले केस होते, वटारलेले डोळे होते. काळा कोटवाला सरळ रेषेत पुढे आला आणि तसाच मागे गेला, आणि त्याच्या गिटारीची गुंडाळीदार वायर लांबून पुन्हा आखडली. मामा केरसुणीच्या मुठीला मामीच्या वेणीचा गोंडा अडकवून घ्यायचा तो का, ते मला त्या क्षणी कळले. तोवर मी ते सोंग समजत होतो. मामाने हे पडद्यावर पाहणे शक्यच नव्हते. त्याच्या खोलीत दूरदर्शनच काय ते लागायचे.

ऑक्टोबर ते ऑगस्ट. मधल्या दहा महिन्यांत बोट कुठे कुठे लागली ते त्या पुस्तकात लिहिलेले नसते. शिक्का फक्त चढल्याचा आणि उतरल्याचा. त्याच दिवसांत हे चौघे रोज नव्या गावी वाजवीत होते. 1975 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तर आणखी दोन ताफ्यांबरोबर साऱ्या इंग्लंडभर दौरा चालू होता. हे सगळे मला 2003 मध्येही काढता आले असते. तारीख तपासायची मला अक्कल होती, पण "मामा, मग दुसऱ्या कुठल्या रात्री पाहिलास रे?" एवढे विचारायची नव्हती.

कुर्सालच्या त्या 8 नोव्हेंबरच्या रात्रीचे चित्रीकरणही झालेले आहे. ते मी पुष्कळदा पाहतो. ताफ्याकडे माझे लक्ष कमी असते. प्रकाशाचा झोत अधूनमधून प्रेक्षकांवरून फिरतो तिथे मी चित्र थांबवतो आणि मागच्या रांगांतले चेहरे एकेक करून बघतो. शिक्का 14 ऑगस्टचा आहे हे मला ठाऊक आहे. तरी बघतो.